डेचकीची कबुली

मी डेचकी बोलतेय. डेचकी म्हणजे काय, हे आजकाल सांगावं लागतं, म्हणून सांगते. तांब्याची, गोल पोटाची, जाड बुडाची, वीस-पंचवीस जणांची आमटी मावेल एवढी. सध्या मुक्काम खराडी, नववा मजला. मला दोन कान आहेत आणि तोंड तर केवढं मोठं! पण बोलायचं होतं तेव्हा बोलता आलं नाही. म्हणून आज बोलते.

माझा जन्म पुण्याच्या कसबा पेठेतला, तांबट आळीतला. आता तिथं कल्हई करणाऱ्या संपतच्या वडिलांनी हजारभर ठोके मारून मला घडवलं. अंगावर अजून त्या मठारकामाच्या, हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा आहेत. एक्केचाळीस वर्षांपूर्वी मैनाबाईच्या वडिलांनी मला विकत घेतलं आणि लेकीच्या रुखवतात मांडलं. तेव्हापासून मी मैनाबाईची.

मैनाबाई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. लोक म्हणायचे, सिस्टरच्या हाताला यश आहे. तिचे यजमान महिपतराव खराडी गावचे, कंपनीत फिटर. माणूस कष्टाळू, पण कुणाचं ऐकून घेण्याचं वावडं. काहीही घासायला दिलं की आधी उभं घासणार, मग आडवं. चाळीस वर्षं कानस चालवल्याची ती सवय. तवा असो की सायकलची रिम, त्यांच्या हाताखालून गेलेल्या वस्तूवर बारीक चौकडा दिसायचाच.

दोघं निवृत्त झाली. शेताच्या जागी इमारती आल्या, इमारतीत हास्यक्लब आला. महिपतराव तिथं दोन दिवस हसून आले आणि म्हणाले, "मैना, हसायला कारण लागतं गं." त्याच सुमारास मैनाबाईला जुन्या डॉक्टरांकडून एका संस्थेची माहिती मिळाली. युगांडात निर्वासितांची एक वसाहत होती, तिथं कामाला अनुभवी जोडपी हवी होती. मुलगा रविराज वैतागला.

"आई, ह्या वयात लोक काशीला जातात."

"जाऊ देत की. आम्ही कामाला जातोय."

सामान बांधताना मला पाहून तो आणखी वैतागला. "विमानात भंगार कशाला नेताय?"

"भंगार नाही, माझं रुखवत आहे," मैनाबाई म्हणाली आणि माझ्या पोटात मेतकूट, गोडा मसाला आणि गूळ ठासून भरला.

निघण्याआधी तिनं महिपतरावांना माझ्यासकट कसब्यात पाठवलं, कल्हई करून आणायला. संपतनं मला निखाऱ्यावर तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं. पांढरा धूर निघाला आणि मी आतून चांदीसारखी झाले. संपत म्हणाला, "काका, आतून माती-वाळू लावू नका. कल्हई उडाली तर आंबट अजिबात ठेवू नका, कळकतं. उलट्या होतात माणसाला." महिपतराव हो हो म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष गल्लीत अडकलेल्या रविराजच्या गाडीकडे होतं.

युगांडातले दिवस मात्र खरंच चांगले होते. पत्र्याच्या दोन खोल्या, अंगणात चिंचेचं झाड. सकाळी महिपतराव पाने-पकड घेऊन सायकलवरून हापसे दुरुस्त करायला जायचे. मैनाबाई चिंचेच्या फांदीला तान्ह्या मुलांचा वजनकाटा टांगायची. बायका तिला 'मामा मैना' म्हणत. तिकडे मामा म्हणजे आई. महिपतराव म्हणायचे, "तू मामा, मग मी काय मामी?" तिथं ज्वारी पिकते हे कळल्यावर तर त्यांनी त्या देशाला मनापासून आपलं मानलं. संध्याकाळी दोघं अंगणात बसून भाकरी खायची, आणि येणारी-जाणारी मुलं तुकडा मागायची.

अचोल नावाची एक तरुण आई होती. तिच्या लेकराला जुलाब लागले होते, मान धरवत नव्हती. मैनाबाईनं दिवसभर मांडी न मोडता चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजलं. लेकरू वाचलं. दुसऱ्या दिवसापासून अचोल घरोघर जाऊन बायकांना हाताला धरून काट्यापाशी आणू लागली. मैनाबाईला तिकडची भाषा येत नव्हती, पण अचोलचा शब्द होता, तेवढा पुरत होता.

माझं काम पाणी साठवायचं. इथंच घात झाला. महिपतरावांना खराडीच्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप आला: तांब्यातलं पाणी प्या, गुडघेदुखी पळते. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं. कल्हई असताना पाण्याला तांबं लागणार कसं? मैनाबाई कामावर गेली की ते वाळू आणि चिंच घेऊन बसत. आठ दिवसांत त्यांनी माझी कल्हई पार उतरवली. आधी उभी, मग आडवी. मैनाबाई ओरडेल म्हणून तिला सांगितलं नाही.

आणि मैनाबाईला ते दिसलं नाही, कारण तिनंही एक गोष्ट लपवली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. सांगितलं तर संस्था घरी पाठवेल, ही भीती. माझ्या आत तिला नुसतं धुकं दिसायचं. एकमेकांच्या भल्यासाठी गप्प बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ह्या दोघांइतकं ते कुणाला महागात पडलेलं नाही पाहिलं.

मग ती संकष्टी आली. वसाहतीतला सर्वांत मोठा हापसा पाच महिन्यांनी त्या दिवशी सुरू होणार होता. मैनाबाई म्हणाली, मुलांना जेवू घालू. संस्थेच्या केंद्रातलं मोठं भांडं कुणीतरी नेलं होतं. तिनं माझ्यातलं पाणी ओतून टाकलं आणि सकाळीच माझ्यात चिंच-गुळाची आमटी केली. दुपारपर्यंत ती माझ्यातच राहिली.

एरवी तिनं पळीभर तळहातावर घेऊन चाखली असती, आणि पहिल्याच थेंबाला तिला कळलं असतं. पण तिचा उपास होता. शिवाय नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही, हे आईनं शिकवलेलं. तिनं गणपतीच्या फोटोपुढे वाटी ठेवली, हात जोडले आणि मुलांना वाढायला घेतलं. माझं आतलं अंग चिंचेत विरघळत होतं. मी ते जाणत होते आणि काही करू शकत नव्हते.

महिपतराव हापसा सुरू करून आनंदानं परतले. मुलं रांगेत बसली होती, पहिली वाढणी झाली होती. त्यांनी मला चुलीपाशी पाहिलं, आमटीचा रंग पाहिला, संपतचे शब्द आठवले असणार, आणि जागीच थांबले. त्यांच्या हातातला पाना मला अजून दिसतो. त्यांनी तोंड उघडलं होतं. मग मिटलं. 'थोडंच तर खातायत, काय होतंय,' असं त्यांच्या मनात आलं असणार. ते नंतर स्वतःच तसं म्हणाले.

अर्ध्या तासात मुलं ओकायला लागली. तेवीस मुलं पोट धरून आडवी झाली. त्यात अचोलचं लेकरूही होतं. डॉक्टर आले, धावपळ झाली. दुसऱ्या दिवशी सगळी उठून बसली, देवाची कृपा. पण विश्वास गेला तो गेलाच.

संस्थेचे अधिकारी चौकशीला आले. मैनाबाई ताठ उभी राहून म्हणाली, "स्वयंपाक माझा. भांडं मी निवडलं. कल्हई झिजलेली माझ्या लक्षात आली नाही, कारण मला नीट दिसत नाही आणि ते मी लपवलं. दोष माझा." महिपतराव शेजारीच उभे होते. ते जमिनीकडे बघत राहिले.

त्यानंतर वजनकाटा रिकामा लोंबकळत राहिला. संस्थेनं आम्हाला घरी पाठवायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मैनाबाई अचोलच्या झोपडीशी गेली. लेकराला पुन्हा जुलाब होत होते. तिनं मीठ-साखरेचं पाणी कालवून पेला पुढे केला. अचोलनं तो दोन्ही हातांनी घेतला, आत निरखून पाहिलं आणि न बोलता खाली ठेवला.

खराडीत आल्यावर सुनेनं, नम्रतानं, मला बाहेरून चकचकीत करून घेतलं आणि कुठल्याशा वाळक्या गवताचे तुरे खोचून दिवाणखान्यात ठेवलं. येणारे म्हणायचे, वा, अँटिक! मैनाबाई माझ्याकडे बघायची नाही. इमारतीतल्या बायका इंजेक्शन टोचून घ्यायला आल्या, तर म्हणायची, "दुसरीकडे जा बाई. माझ्या हाताला आता यश नाही." ज्या हातांवर तिनं जन्म काढला, ते हात ती पदराखाली लपवून बसायची. महिपतराव हे रोज बघत होते. आठ महिने.

गेल्या महिन्यात रविराजनं हट्टानं तिचे डोळे करून आणले. काळा चष्मा उतरल्यावर एका सकाळी ती धूळ पुसायला आली. गवत काढलं आणि मला उजेडाकडे कलती केली. आत तांबं उघडं होतं, आणि त्यावर बारीक चौकडा. तिनं बोट फिरवलं. उभ्या रेघा, आडव्या रेघा.

"अहो, इकडे या."

महिपतराव आले. तिच्या हातात मी, हे त्यांनी पाहिलं.

"ही कल्हई झिजलेली नाही. घासून काढलीय."

"हां. गुडघ्यासाठी काढली होती. ग्रुपवर आलं होतं."

"त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

"आल्या आल्या दिसलं. म्हटलं, थोडं खातायत, काय होतंय. आणि तू एवढी खुशीत होतीस."

"आणि चौकशीला?"

ते जमिनीकडे बघू लागले, चौकशीच्या दिवशीसारखेच.

"माझ्या आंधळेपणानं पोरांना विष घातलं असं वाटत होतं मला. आठ महिने झोपेतून दचकून उठतेय. शेजारी तुम्हीच झोपता ना?"

"चुकलं माझं, मैना."

"मला काय सांगताय? अचोलला सांगायचं होतं."

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. पण ह्या वेळी आवाजच झाला नाही, त्याचीच मला भीती वाटली. महिपतरावांनी फोन काढला, संस्थेच्या तिकडच्या दुभाष्याला लावला आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं: भांडं मी खराब केलं, माझ्या बायकोला माहीत नव्हतं, अचोलला एवढं सांगा. दुभाष्या म्हणाला, सांगतो. पुढे तो म्हणाला की वजनकाट्यावर आता नवीन बाई आहे, पण अचोल येत नाही. अजून तरी तिचा निरोप आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मैनाबाई एकटी मला घेऊन कसब्यात गेली. संपत म्हणाला, "ताई, शोभेच्या भांड्याला कल्हई कशाला?" ती म्हणाली, "शोभा पुरे झाली." दहा मिनिटांत मी पुन्हा पांढरी झाले. आता मी स्वयंपाकघरात असते. आमटी होते. नैवेद्याच्या आधी ती चाखून बघते, उपास असला तरी, आणि देवाला म्हणते, रागावू नकोस.

बाबांनो, घरात अशी एखादी गोष्ट दडवून ठेवली असेल, तर पहिली वाढणी व्हायच्या आत बोला. मला तोंड असून वाचा नव्हती. तुम्हाला आहे.

महिपतराव आता रोज सकाळी लवकर उठून तिच्यासाठी चहा करतात. कप तिच्या हातात देतात आणि उभे राहतात. एक्केचाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते मैनाबाई आता करते. कप दोन्ही हातांनी घेते, आत निरखून पाहते, आणि मग पिते.