विहिरीचा सवाल

सत्तावन्न सालची निवडणूक. पिंपरीपुढच्या वाडीत मारुतराव आणि रंगराव हे दोन्ही उमेदवार एकाच दुपारी पारावर सभेला आले, तेव्हा कोंडाजीला वाटलं, आज फड रंगणार.

कोंडाजी जुना तुरेवाला. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात त्याच्या गावचा नियम पक्का होता. समोरच्यानं सवाल टाकला की आधी जवाब, मग पुढचं गाणं. जवाब आला नाही तर डफ खाली ठेवायचा आणि हार कबूल केल्यावरच परत न्यायचा.

सवाल त्याच्याकडे तयार होता. नव्या कारखान्यासाठी मोजणीदारांनी त्याच्या मळ्यात खुंट्या ठोकल्या होत्या, विहिरीच्या अलीकडेही आणि पलीकडेही. विहीर कुंपणात गेली तर उरलेला मळा वाळून जाणार होता, आणि नेमकं कोणी सांगत नव्हतं.

मारुतराव रंगरावांच्या टोपीवर बोलले. रंगराव मारुतरावांच्या सासऱ्यावर बोलले. लोक पोट धरून हसले. कोंडाजीही हसला, मग उठला.

"माजी हीर कुंपनाच्या आत का भायेर?"

"बाबा, देश कुठं चाललाय ते बघा," मारुतराव म्हणाले.

"देश जाऊ द्या. हीर कुठं चाललीय?"

"ते ह्यांच्या सासऱ्याला विचारा," रंगराव म्हणाले.

पुन्हा हशा. कोंडाजीनं तो ओसरेपर्यंत वाट पाहिली, मग दोन्ही जीपगाड्यांवरचे कर्णे सोडून घेतले.

"अहो, हे काय?"

"फडाचा कायदा हाय, राव. जवाब न्हाई, तर डफ खाली."

गावात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

दोन-तीन दिवसांनी मारुतराव स्वतः मळ्यात आले. ओरडून ओरडून घसा पार बसला होता. विहिरीच्या काठावर बसून ते तांब्याभर पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, "कोंडाजीबाबा, खरं सांगू? विहिरीचं मला काही ठाऊक नाही. विचारून सांगतो."

"हार कबूल?"

"कबूल."

कोंडाजीनं कर्णा पुसून, नारळ देऊन मानानं परत केला. जीप बांधापर्यंत गेली न गेली तोच कर्णा बोलू लागला, "रंगरावांची टोपी बघा, मंडळी..."

कोंडाजी खुंटीकडे बघत राहिला. "दुसरा कर्णा मातूर जवाबाबिगर द्यायचा न्हाई," तो बायकोला म्हणाला.

"कसा देशीला?" सोजराबाई म्हणाली. "त्याच्याखाली म्या कोंबडी अंड्यांवर बसवलीय. तिचं तरी कायबाय निघंल."