गोणीतली मोटार

राहू गावच्या अनसाबाईंच्या गुऱ्हाळाची मोटार भर हंगामात जळाली आणि ऊस पिळणारा चरक जागीच थांबला. बाहेर लोकांचा तोडलेला ऊस उन्हात पडला होता. ऊस वाळला की गूळ कमी पडतो, आणि एकदा शेतकरी दुसऱ्या गुऱ्हाळाकडे वळला की पुन्हा फिरकत नाही.

तरी बाई घाबरल्या नाहीत. गेल्या साली अशीच जुनी मोटार जळून, नवी आणेपर्यंत चार दिवस गुऱ्हाळ बंद पडलं होतं. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत. जादा पट्टा, जनरेटरला डिझेल, सगळं आणून ठेवलं होतं. ती जुनी जळकी मोटारही राखीव म्हणून यवतला नेऊन नव्या तारेनं भरून आणायचं काम त्यांनी धाकट्या दिराला, खंडूला सांगितलं. नवरा गेला तेव्हा खंडू शाळेत होता. बाईंनीच त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. त्यानं मोटार गोणीत शिवून आणली. दसऱ्याला बाईंनी शिवण न उसवता गोणीवरच हळदकुंकू वाहिलं. घरच्या माणसानं आणलेलं कोण उघडून बघतं? नारळ खंडूनंच फोडला.

आज सुनेनं, हर्षदानं, विळ्यानं गोणी फाडली. झाकण काढलं, तर आत तारच नाही. नुसतं लोखंडी टरफल.

खंडू मान खाली घालून उभा राहिला. जुन्या तारेचं तांबं मोडीत घातलं होतं, भरणावळीचे पैसेही खाल्ले होते.

"नवी मोटार यवढ्यात जळंल आसं वाटलं न्हवतं, वैनी. भरून आननारच हुतो."

"आन् नारळ फोडताना हात थरथरला न्हाई तुजा?"

मोटारीचं दुःख नव्हतं. आपलं माणूस देवासमोर आपल्याला फसवत होतं आणि आपण त्याच्यापुढं पूजेचं ताट धरलं होतं, या लाजेनं बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कालव्यापलीकडच्या आण्णांचंही गुऱ्हाळ. धंद्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. बाई पदर खोचून त्यांच्याकडे गेल्या. आण्णांनी टोमणा मारलाच, पण आपली राखीव मोटार आधी चालू करून दाखवली आणि मग ट्रॅक्टरवर चढवून दिली.

दिवस कलताना गूळ उतरला. रीतीप्रमाणं आधी देवाला, मग हजर असलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर. खंडूही मागं उभा होता. बाईंनी त्याच्या हातावर गरम खडा ठेवला, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

"घ्या, भावजी," बाई म्हणाल्या. आजवर त्यांनी त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. "गुऱ्हाळावर आलेल्या पाहुन्याला आमी रिकाम्या हातानं धाडत न्हाई."