बारक्याच्या यकृतातली चरबी

बारक्याच्या अंगावर चिमटीत धरायला मांस नाही, आणि त्याच्या यकृतात अठरा टक्के चरबी निघाली. हसावं की रडावं, घरात कोणालाच कळेना. थोरल्या भावाचं यकृत पार कामातून गेलं होतं आणि धाकट्याने आपल्यातला तुकडा द्यायचा असं ठरलं होतं. चाचण्यांची पहिली चाळणी सोनोग्राफीच्या खोलीत होती, तिथेच गाडं अडलं. दहा टक्क्यांच्या वर चरबी असली तर आपण तुकडा घेत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

बारक्या लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या काळोख्या पोकळीत लोंबकळताना त्याला कधी काही वाटलं नाही, पण ऑपरेशनची त्याला भीती वाटायची. हे त्याने कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. आकडा ऐकून त्याला आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, आणि शेवटी यातलं आपलं खरं कोणतं तेच समजेनासं झालं. वहिनी म्हणाली, "तुम्ही तयार झालात, भावजी, तेच खूप आहे." त्यावर तोंड कुठे लपवावं असं झालं त्याला.

आठवडाभरात तपासणीवाल्या बाईंचा फोन आला. मोजण्यात घोळ झालाय, पुन्हा या, म्हणाल्या. दादा हट्टाने सोबत आला आणि बाहेर बाकावर बसला.

आत बाईंनी एक घट्ट जेलीसारखा ठोकळा दाखवला. यंत्राच्या लहरी यकृतात शिरतात, आणि चरबी जितकी जास्त तितक्या त्या लवकर विरतात. पण थोडंफार यंत्राचंही असतं. ते वजा करायला त्याच सेटिंगवर हा ठोकळाही मोजायचा, कारण त्यातून लहर किती विरते ते आधीच माहीत असतं. त्या दिवशी बारक्याच्या आधी एक गलेलठ्ठ गृहस्थ होते. ठोकळा त्यांच्या सेटिंगवर मोजलेला. मग हा किडकिडीत माणूस आला म्हणून बाईंनी सेटिंग बदललं आणि ठोकळा पुन्हा मोजायचाच राहिला. यंत्राचं पाप बारक्याच्या यकृताच्या माथी बसलं ते असं. बाई मनापासून ओशाळल्या होत्या.

या वेळी पाच आले.

"जुनाच आकडा राहू द्या की," बारक्या म्हणाला. थट्टा म्हणून खपावी, इतपत हलक्या आवाजात.

बाई हसल्या नाहीत. "आकडा मी बदलणार नाही. पण द्यायचं नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. ते घरच्यांना नुसतं 'जमत नाही' म्हणून कळवतात, कारण सांगत नाहीत."

म्हणजे सुटायला वाट होती. बारक्याचा गोंधळ त्याने आणखीच वाढला. शर्टाची बटणं लावताना त्याने एक बटण चुकवलं, पुन्हा काढून लावलं, आणि काहीच न ठरवता बाहेर आला.

बाकावर दादा बसला होता, डोळे पिवळे, पोट फुगलेलं. त्याने भावाचा चेहरा पाहिला. "तेवढंच निघालं ना? असू दे," तो म्हणाला.

"पाच निघालं, दादा. तेव्हा मोजताना चुकलं होतं."

बोलून गेल्यावर बारक्याला कळलं की आपण बोललो. दादाला आनंद व्हायला हवा होता. तो मात्र समोरच्या भिंतीकडे बघायला लागला.

"डॉक्टर नाही म्हणाले ना, तेव्हापासून मी शांत झोपत होतो रे," तो म्हणाला. "मरण परवडलं, पण ते ऑपरेशनचं टेबल नको, असं झालंय."

बारक्या त्याच्या शेजारी बसला. "मीपण शांत झोपत होतो," तो म्हणाला.

तेवढ्यात औषधं घेऊन वहिनी आली आणि दोघांच्या तोंडाकडे बघून जागच्या जागी थबकली. दादा बाकाला धरून सरळ बसला. "पाच आलेत," तो म्हणाला. "बारक्या देतोय." वहिनी मटकन खाली बसली आणि सुखाने रडायला लागली. दोघे भाऊ एकमेकांना खेटून, भेदरलेले, तिच्याकडे बघत राहिले.