फोनाची निवडणी

गोपालच्या फोनात रोज सकाळी, चहा व्हायच्या आधीच दोन-चार डोकी फुटायची. कुठे शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावानं भावाच्या मानेवर कुऱ्हाड घातलेली, कुठे भर चौकात चौघांनी एकाला सळईनं सोललेलं, आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, 'असा पाहिजे हिसका!' पहिला व्हिडिओ समोर आला तो चुकून आला असेल. पण या बहाद्दरानं तो तीनदा पाहिला. फोनाला काय, खाणाऱ्याची आवड कळली की तो तेच वाढत सुटतो. चार महिन्यांत अंजनगावच्या या गरीब पानमळेवाल्याच्या तळहातावर अख्खा कसाईखाना भरला.

त्यात त्याचा स्वतःचा धुराही पेटलेला. शेजारचं केळीचं वावर त्याच्या चुलतभावाचं, शेषरावचं. उन्हाळ्यात शेषरावनं धुऱ्यावरची शेवरीची दोन झाडं उपटून फेकली, त्यांच्यावर चढलेल्या पानवेलींसकट. गोपालनं मोजणीचा अर्ज केला, तारीखही मिळाली. ती पंधरा दिवसांवर आली तसा तो गोठ्यामागे बसून कुऱ्हाडीला धार लावू लागला.

"मोजणीच्या दिवशी त्याचा मुडदाच पाडतो," तो म्हणाला. बोलताना त्यानं कुऱ्हाड दोन्ही हातांनी उंच धरून दाखवली, अगदी त्या व्हिडिओतल्या माणसानं धरली होती तशीच.

हे ऐकलं त्याच्या बायकोनं, चंदानं. बावीस वर्षांच्या संसारात या माणसानं साप दिसला तरी काठीनं बाजूला सारून दिला होता. त्याच्या हातून खून झाला तर तो तुरुंगात, पोरीचं शिक्षण मातीत आणि आपण कोणाच्या तोंडाकडे पाहायचं? तिनं अमरावतीला नर्सिंग शिकणाऱ्या करिश्माला फोन लावला आणि पदर तोंडात कोंबून रडली.

"आई, रडू नको. बाबाचा फोन आपुन सुधरवू," करिश्मा म्हणाली. "मारामारीचं आलं की त्याच्यावर बोट दाबून धर. 'स्वारस्य नाही' असं येते, ते दाब. अन् चांगलं आलं की शेवटपर्यंत पाय. पण एक ध्यानात ठेव, मारामारीचं पायत बसू नको. आलं की दाबलं, इतकंच."

"मले काय हौस हाये पाहाची?" चंदा म्हणाली.

दुपारी पानं खुडून आल्यावर गोपाल जेवून आडवा व्हायचा. तेवढ्या वेळात चंदा ओसरीवर फोन घेऊन बसायची. एका बाजूला निवडायच्या पानांची टोपली, दुसऱ्या बाजूला फोन. पानं निवडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सासूनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिला शिकवलं होतं की पान दोन्ही अंगांनी पाहिल्याशिवाय फेकायचं नाही. वरून डागी दिसणारं कधी पोटातून चांगलं निघतं, चांगलं दिसणारं खालून सडलेलं असतं. न पाहता पान टाकणाऱ्या सुनेला सासू आळशी म्हणायची, आणि चंदाला कोणी आळशी म्हटलेलं खपत नसे.

तोच हात फोनावर चालला. व्हिडिओ यायचा, चंदा तो अथपासून इतिपर्यंत पाहायची, खरंच सडका आहे अशी खात्री करून घ्यायची आणि मगच 'स्वारस्य नाही' दाबायची. काय काय पाहिलं तिनं! विटेनं ठेचलेलं तोंड. केस धरून फरफटत नेलेली बाई. पहिल्या दिवशी ती मोरीत जाऊन ओकली. चौथ्या दिवशी नुसती मळमळ झाली. आठव्या दिवशी एका हाती तिची भाकर होती आणि दुसऱ्या हाती फोन, आणि पडद्यावरच्या माणसाचा वार चुकला तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "डोक्यावर काय मारतं बे, नडगीवर मार!"

ती स्वतःच दचकली. मग पुढची भाकर मोडून घेतली.

फोन मात्र सुधरला. तिनं शोधून शोधून लावलेल्या गोष्टी येऊ लागल्या: वासराला पाजणारी गाय, टाळमृदंग, पानवेलीवरच्या रोगाचे उपाय. आठवडाभर गोपाल कुरकुरला. "फोन बिघडला वाट्टे," म्हणाला. पण माणूस समोर येईल ते पाहतो, आणि पाहता पाहता तसाच होतो. कुऱ्हाड गोठ्यात पडून राहिली. मोजणीच्या आदल्या दिवशी तो चंदाला म्हणाला, "दोन हात जागा इकडं की तिकडं. कायले जीव घ्यायचा कोनाचा?"

चंदाला देवाचे पाय धरावेसे वाटले. तिनं देवापुढे नारळ फोडला, एका घावात.

मोजणीवाले साहेब सकाळी दहाला आले. चुन्याची रेघ ओढली. शेषरावनं उपटलेल्या शेवऱ्यांची जागा गोपालचीच निघाली. गोपालनं नुसता श्वास सोडला आणि हात जोडले. तिथेच सगळं मिटायचं, पण शेषरावला हार पचेना.

"रेघ खोटी हाये," म्हणत तो बुटांसकट पानमळ्यात शिरला. पानमळ्यात कोणी वहाण घालून जात नाही. साहेबानंसुद्धा चपला बाहेर काढल्या होत्या. शेषराव चिखलाच्या बुटांनी वेली तुडवत मधोमध गेला, एका वेलीवर टाच घासली आणि गोपालकडे पाहून हसला.

"शेषराव, बाहेर ये बापू," गोपाल म्हणाला. त्याचा आवाजही चढला नाही. "जाऊ दे. झालं ते झालं."

चंदा दांडावर पाणी वळवत उभी होती. तिच्या हातात फावडं होतं. पुढचं तिला कोणाला शिकवावं लागलं नाही. पाय किती फाकवायचे, दांडा कुठे धरायचा, वार कुठे बसवायचा, सगळं शेकडो वेळा शेवटपर्यंत पाहिलेलं होतं. "वयनी, तुमी..." इतकंच शेषराव बोलला. फावड्याचं पातं त्याच्या नडगीवर बसलं आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो वेलींत कोसळला. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. त्याची किंकाळी पार सडकेपर्यंत गेली.

तिनं फावडं पुन्हा उचललं, आता डोक्यासाठी. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी बरं वाटत होतं, फार बरं.

गोपाल मध्ये पडला. पातं त्यानं उघड्या हातांनी धरलं. ते उजव्या तळव्यात रुतलं, दोन बोटं लोंबकळली, तरी त्यानं सोडलं नाही. "चंदे! चंदे, मी हाये व!" तो ओरडत होता. त्याचे हात कोपरापर्यंत लाल झाले, तेव्हा कुठे चंदाची मूठ सुटली. हेच हात तिला रक्तापासून वाचवायचे होते.

साहेबाच्या गाडीतून दोघा भावांना दवाखान्यात नेलं. चंदाला पोलिसांनी जीपमध्ये बसवलं. गोपालचा फोन तिच्याजवळ राहिला होता. तिनं रक्ताच्या बोटानं पडदा उघडला तर वासरू गाईला लुचत होतं. तिला ते बघवेना म्हणून ती बंद करणार, तोच करिश्माचा फोन आला. तिला कोणीतरी कळवलं होतं.

"आई," पोरगी हुंदके देत होती, "मी तुले म्हटलं होतं ना, पायत बसू नको म्हून! नुसतं दाबाचं होतं! काहून पायलं तू?"

चंदानं हातावरचं रक्त लुगड्याला पुसलं.

"उलटून पायल्याबिगर पान कसं फेकू व माय," ती म्हणाली.