अनुपमाताईचा रकाना

“शेखरभाऊ, हा तुमचा फॉर्म लय बोलून राह्यला,” अनुपमाताईनं इअरफोन काढून सांगितलं. “मी पंगतीत बसली, घास तोंडात हाय, अन हा वाढप्यावाणी मांगंच लागला. अजून एक घ्या, अजून एक घ्या.”

शेखर ओशाळला. त्याच्या मते त्यानं पाहुणचार केला होता.

शेखर बुलढाण्यात घरी बसून एका फ्रेमवर्कवर काम करायचा. स्लॅब ओतताना खाली जसं फळ्यांचं सेंट्रिंग, तसं वेबसाइटला फ्रेमवर्क. घरं निरनिराळी, फळ्या त्याच, असं त्यानं आईला समजावलं होतं. त्यावर आईनं एवढंच विचारलं होतं, की फळ्या काढल्यावर तू कुठं जाशील.

गेल्या वर्षी याच फ्रेमवर्कवर त्यानं समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची वेबसाइट फुकट करून दिली. अनुपमाताईला दिसत नाही. स्क्रीनवरचं सगळं ती संगणकाकडून वाचून घेते. तिनं फॉर्म भरला, पाठवायचं बटण दाबलं आणि आठ दिवस निर्धास्त राहिली. मोबाइल नंबरात एक आकडा कमी पडला होता, म्हणून फॉर्म गेलाच नव्हता. फॉर्मनं तसं सांगितलंही होतं, पण लाल अक्षरांत, आणि लाल रंगाला तोंड नसतं. शेवटच्या दिवशी तिच्या भावानं, गोविंदानं, घाईघाईत तिचा फॉर्म भरून टाकला. स्वभाव : शांत. आवड : भजन.

अनुपमाताई एका बियाणे कंपनीच्या हेल्पलाइनवर असते. बी उगवलं नाही म्हणून तक्रार करणाऱ्याला ती ‘किती खोल पेरलं?’ एवढंच विचारते, पण अशा आवाजात, की समोरचा पुन्हा पेरायला निघतो. मेळाव्याची पुस्तिका छापून आली आणि तिला तीन स्थळं सांगून आली. तिन्ही भजनी मंडळातली. एक तर हार्मोनियम घेऊनच आला.

हे कानावर आल्यावर शेखरला तेवढा एक फॉर्म दुरुस्त करून मोकळं होता आलं असतं. पण फळीच वाकडी असेल तर एकाच घराचा स्लॅब घासून काय उपयोग? त्यानं फ्रेमवर्कमध्येच सोय घालायला घेतली. यापुढे त्यावर बांधलेला कुठलाही फॉर्म न पाहता भरता यायला हवा. आठ महिने तो डोळ्यांना टॉवेल बांधून तपासत बसला. शेजारच्या छायाकाकूंनी आधी काढा पाठवला, मग दृष्ट काढली. टॉवेलाच्या आत त्याला फार भेव वाटे, म्हणून त्यानं पावलोपावली एक वाक्य उभं केलं. ‘आपण नावाच्या रकान्यात आला आहात. येथे आपले नाव लिहावे. आपण लिहीत आहात.’ अशी एकूण एकेचाळीस.

आणि यंदाचे फॉर्म आज पाचला बंद होणार होते, म्हणून नवा फॉर्म घेऊन तो ताईच्या घरी आला होता. साडेतीन वाजले होते. जमलं नाही तर मी आहेच, असं दाराशी बसलेला गोविंदा दर दहा मिनिटांनी प्रेमानं म्हणत होता.

“पण ताई, कुठं आलो ते समजाले नको का?” शेखर म्हणाला.

“तुमाले अंधार नवीन हाय, म्हणून भेव वाटते. मी एकोणतीस वर्सं झाले, इथंच राहून राह्यली. मले रकान्याचं नाव सांगा. चुकली तर कुठं चुकली ते सांगा. बाकी गुमान बसा.”

शेखरनं आपल्या लॅपटॉपवर वाक्यं खोडायला घेतली. दर वाक्याला त्याला जेवत्या पाहुण्यासमोरून ताट ओढल्यासारखं होत होतं. शेवटी तीन उरली : रकान्याचं नाव, चूक, आणि फॉर्म गेला.

तिनं इअरफोन घातला. वाचणाऱ्या आवाजाचा वेग इतका वाढवला, की बाहेर फक्त तव्यावर शेंगदाणे तडतडल्यासारखं ऐकू येई. नाव लिहिलं, नंबरातला एक आकडा मुद्दाम गाळला, पाठवायचं बटण दाबलं. कानात काय येतं ते ऐकलं. मग म्हणाली, फॉर्मनं चूक तर सांगितलीच, वरून हात धरून त्याच रकान्यात आणून सोडलं. तिनं आकडा भरला आणि पुढे सरकली.

तेवढ्यात तिच्या संगणकाची स्क्रीन काळी झाली.

चार चाळीस झाले होते. शेखरनं वायर हलवली, प्लग काढून लावला, मनातल्या मनात फ्रेमवर्कच्या सगळ्या फळ्या उचकटून पाहिल्या. गोविंदा बाह्या सारत उठला.

“बसा बे दोघंबी,” अनुपमाताई म्हणाली. “म्याच बंद केली. स्वभावाचा रकाना आला हाय.”

“मंग आमाले कसं दिसन?” गोविंदानं विचारलं.

“नाही दिसत. होते सवय.”

दोघं बसले. खोलीत फक्त कळांचा आवाज होता. त्या रकान्याला दोनशे अक्षरांची मर्यादा शेखरनंच घातली होती. ती संपल्याचं तिला कळलं असावं, कारण तिनं ‘च्’ केलं आणि काहीतरी भराभर खोडलं. मग पुन्हा लिहू लागली. मधेच एकदा स्वतःशीच हसली. काय हसली, असं गोविंदानं नजरेनं शेखरला विचारलं. शेखरनं नजरेनंच सांगितलं, की भाऊ तू हायेस, मले काय विचारतो.

चार त्रेपन्नला तिनं एक कळ ठासून दाबली, काही ऐकलं आणि इअरफोन काढून बोटांभोवती नीट गुंडाळला.

“गेला,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत निघून गेली.

दोघं अजून काळ्या स्क्रीनकडेच बघत होते.