नव्या गाडीतला टक्

“टक्क नाही हो, टक्,” बस ड्रायव्हर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बोट आपटून दाखवत होते. “एकदा येतो. मग जरा दम खातो आणि पुन्हा टक्.”

काउंटरवरच्या मॅडमनी जॉब कार्डावर चौथ्यांदा तेच लिहिलं. सेडान नवी, दोन महिन्यांची, चालताना मागून आवाज. आधीच्या तिन्ही कार्डांवर खालचा शेरा एकच होता : तपासले, दोष आढळला नाही.

या गृहस्थांनी एकतीस वर्षं शहरातली बस चालवली होती. त्या बसचं हॉर्न सोडून सगळं वाजायचं आणि त्याबद्दल त्यांनी कधी ब्रसुद्धा काढला नव्हता. पण निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेल्या स्वतःच्या गाडीत त्यांना एक टक् सहन होईना. बरं, गाडीवर राग म्हणावा तर तोही नाही. “बसायला छान, चढावर छान, रंगाला तर तोड नाही,” असं ते प्रत्येक वेळी आधी सांगायचे आणि मग नाइलाजानं बोट काउंटरवर आपटायचे. आज तर पुरावा म्हणून बायकोला आणि ऐंशी वर्षांच्या आईलाही बरोबर आणलं होतं.

“कानकाका, तुमचं गिऱ्हाईक आलंय!” मॅडमनी आत हाक मारली.

काकांना खरं नाव होतं, पण ते आता फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. गाडीत कुठेही कुरकुर, खडखड, किरकिर असली की सर्व्हिस सेंटरमध्ये एकच उपाय होता, काकांना आत बसवा. वेळ पडली तर ते डिकीत आडवे व्हायचे, वरून झाकण लावून घ्यायचे आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन सांगायचे, “डाव्या दिव्यामागचा स्क्रू.” स्क्रू तिथेच निघायचा. बावीस वर्षं त्यांनी याच मानावर काढली होती, आणि घरीसुद्धा त्याची टिमकी काही कमी वाजवली नव्हती.

त्यांचा नियमही प्रसिद्ध होता. ऐकायला जाताना गाडी रिकामी हवी. पाण्याची बाटली नको, छत्री नको आणि गिऱ्हाईक तर मुळीच नको. “गिऱ्हाईक बसलं की बोलतं, आणि ते बोललं की गाडी बोलत नाही,” असं ते म्हणायचे. हे वाक्य कुणीतरी वेटिंग रूममध्ये छापून लावलं होतं.

मात्र गेल्या दीड वर्षात काकांचा डावा कान पार गेला होता, आणि हे त्यांच्या बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

काका एकटेच चक्कर मारून आले. खड्ड्यातून नेली, गतिरोधकावरून नेली, मुद्दाम कचकन ब्रेक लावले. गाडी गप्प. आवाज येतच नाही, की येतोय आणि आपल्याला ऐकू येत नाही? बावीस वर्षांत हा प्रश्न कधी पडला नव्हता, आणि या गाडीनं तो चौथ्यांदा पाडला होता.

त्यात मॅनेजरनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, “काका, आज नाही सापडला तर कंपनीचा माणूस येईल. तो तुमच्या शेजारी बसून ऐकेल.” शेजारी बसून! त्याला ऐकू येईल, आपल्याला येणार नाही, आणि तो बघत राहील. उद्यापासून बहुतेक स्टोअरमध्ये बसून पुठ्ठ्याची खोकी मोजायची.

ते वेटिंग रूमच्या दारात आले आणि जन्मात बोलले नव्हते ते बोलले, “चला, सगळेच बसा गाडीत. तुम्ही रोज जसे बसता तसेच.”

काउंटरवरच्या मॅडमचं पेन हातातच राहिलं.

बस ड्रायव्हर चालवायला बसले, त्यांच्या शेजारी बायको. मागे काका, आणि त्यांच्या डाव्या हाताला, खिडकीशी, आजी.

गाडी फाटकाबाहेर पडली नाही तोच पुढून बायको म्हणाली, “आला बघा!”

“हो, हो,” काका म्हणाले.

“आणि हा दुसरा. ऐकलात ना?”

“ऐकला की.” काकांनी कपाळाला आठ्या घालून बारकाईनं ऐकत असल्याचा चेहरा केला. ऐकू मात्र काही येत नव्हतं.

इकडे आजींनी त्यांना मुलं किती म्हणून विचारलं. काका समोर बघत राहिले. आजींनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी काकांच्या दंडाला बोट लावलं आणि मान पुढे काढून त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“बाळा, तुला या कानानं ऐकू येत नाही ना?”

हे मात्र काकांना ऐकू आलं. आजी खणखणीत बोलल्या होत्या. पुढे बसलेल्या दोघांनाही ते ऐकू गेलं आणि ड्रायव्हरसाहेबांनी गाडी नकळत हळू केली.

नाही म्हणायला काकांनी तोंड उघडलं होतं. पण सत्तावन्नाव्या वर्षी कुणी बाळा म्हटल्यावर खोटं बोलणं जिवावर येतं.

“नाही येत, आजी,” ते म्हणाले. “दीड वर्ष झालं.”

“अरे, मग सांगायचं की! मला तर दोन्हींनी येत नाही.” आजींनी पदर सारून कानामागचं यंत्र दाखवलं. “मी सगळ्या जगाला सांगते. नको ते लोक मग जवळ येऊन बोलत नाहीत.”

“आई!” ड्रायव्हरसाहेब कळवळले.

“तू पुढे बघ.”

सगळ्यात आधी काकाच हसले. दीड वर्ष छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना झालं. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

“वहिनी, माझा कान आता तुम्ही,” ते पुढे वाकून म्हणाले. “आवाज आला की मोठ्यानं ‘आला’ म्हणायचं.”

आणि त्यांनी तळहात कामाला लावले. दारावर ठेवले, सीटच्या पाठीवर ठेवले, मागच्या काचेखाली ठेवले. वहिनी “आला!” म्हणायच्या आणि काकांच्या हाताला काहीच लागायचं नाही. मग त्यांनी हात छताला टेकवला. गाडी चौकात वळली, वहिनी “आला!” म्हणाल्या, आणि त्याच क्षणी बोटांना बारीकसा ठोका लागला. काकांनी छताच्या कापडावरून हात सरकवत डावीकडे नेला. तो जाऊन आजींच्या मुठीला भिडला.

खिडकीच्या वरचं हँडल आजींनी घट्ट धरलं होतं. बसल्यापासून धरलं होतं.

“आजी, जरा हात सोडा.”

“सोडू कशी? हा बस चालवल्यासारखी चालवतो.”

“मी आहे ना. माझा हात धरा.”

आजींनी हँडल सोडून काकांचं मनगट पकडलं. ड्रायव्हरसाहेबांनी चौकाला वळसा घातला. दुसरा वळसा घातला.

“नाही आला,” वहिनी कुजबुजल्या.

“आता धरा हँडल.”

“आला!” वहिनी किंचाळल्या. मागचा टेम्पोवाला दचकला.

मग काय, सोडा, धरा, सोडा, धरा, असं करत त्यांनी त्या चौकाला पाच वळसे घातले. आजींना तर खेळच सापडला. ड्रायव्हरसाहेब स्टिअरिंगवर थाप मारून हसत होते. “दोन महिने झोप उडवली माझी! माझीच आई!”

“आईला बोल लावू नका,” काका म्हणाले. “दोष गाडीचाच आहे.”

सर्व्हिस सेंटरमध्ये आल्यावर त्यांनी हँडल उतरवलं. मागच्या दोन क्लिपांपैकी एक कारखान्यात बसवायचीच राहून गेली होती. हँडल ओढलं की ते पत्र्यावर आपटायचं, आणि रिकाम्या गाडीत ते ओढणार कोण? म्हणजे चारही वेळा हा दोष काकांच्या कानानं नव्हे, त्यांच्या नियमानं लपवला होता.

मॅनेजर धावत आले. क्लिपची रिकामी जागा पाहून त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. “शेवटी कान तो कान! कसा ऐकलात हो?”

ड्रायव्हरसाहेब चटकन म्हणाले, “अहो, यांच्या कानाला तोड नाही!” वहिनींनीही जोरात मान हलवली. आजी तेवढ्या काकांकडे बघत होत्या.

सगळी सोय आयती झाली होती. काकांनी फक्त गप्प राहायचं होतं.

“साहेब, मी ऐकलाच नाही,” काका म्हणाले. “माझा डावा कान गेलाय. वहिनींनी ऐकला, आजींनी हँडल सोडलं, म्हणून सापडला. आणि तो वेटिंग रूममधला कागद काढून टाका. चूक माझी होती.”

मॅनेजरनी काकांच्या हातातलं हँडल स्वतःकडे घेतलं. मग म्हणाले, “कंपनीच्या माणसाला फोन करून सांगतो, यायची गरज नाही म्हणून.” जाता जाता त्यांनी तो कागद स्वतःच्या हातानं काढला.

तीन दिवसांनी मॅडमनी समाधानाचे गुण विचारायला नेहमीप्रमाणे फोन लावला. पलीकडून ड्रायव्हरसाहेब म्हणाले, “गाडीला आठ. क्लिप विसरले, त्याचे दोन कापले. काकांना दहा.” फॉर्मवर चौकट एकच होती. मॅडमनी पेनानं तिच्या शेजारी दुसरी आखली.

त्याच दुपारी नवी तक्रार आली. सेडान तसलीच, मालक एक डॉक्टरीणबाई, मागून कुरकुर. काकांनी मागचं दार उघडलं आणि त्यांना आत बसायला सांगितलं. त्या बसल्या. काका पलीकडून आत शिरले आणि थांबले.

“मॅडम, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही माझ्या उजवीकडे येता का?”

बाई उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या. काका सरकले आणि त्यांना जागा करून दिली.