आईचा ‘कट’

बाबांनी सतरा चित्रपट दिग्दर्शित केले. ‘कट’ मात्र एकदाही म्हटलं नाही. पहिल्याच चित्रपटात नायिकेच्या रडण्यानं त्यांना असा हुंदका आला की शब्द घशातच अडकला. तेव्हा कपडेपटातली एक मुलगी हातातली इस्त्री खाली न ठेवताच ओरडली, “कट!” तीच पुढे माझी आई झाली. ‘ॲक्शन’ बाबांचं, ‘कट’ आईचं, असा त्यांचा संसार चालला. त्या दोन शब्दांमध्ये जे घडे, ते मी, त्यांचा संकलक, अंधाऱ्या खोलीत बसून मुकाट्यानं जोडत आलो.

सतराव्या, अखेरच्या चित्रपटाच्या शेवटच्या दिवशी आईचं बिनसलं. तिची ठेवणीतली चादर बाबांनी न विचारता फाडून चित्रपटातल्या भुताला पांघरली होती.

“अगं, भुताला चादर लागतेच!”

“मग ‘कट’ही त्यालाच म्हणू दे,” असं म्हणून आई इस्त्रीपाशी जाऊन बसली.

कॅमेऱ्यात दहा मिनिटांचं शेवटचं रीळ होतं. तसली फिल्म आता कुठे बनतही नव्हती. नायकानं बायकोची माफी मागायची आणि उरलेल्या फिल्मवर भुताला मुक्ती द्यायची. ती मिळाली नाही, तर चित्रपटाला शेवटच उरणार नव्हता.

“ॲक्शन!”

नायकानं दोन वाक्यांत माफी मागितली. ‘कट’ काही आलं नाही. कॅमेरामन आईखेरीज कुणाचं ऐकत नसे. त्या दिवशी सेटवर आलेल्या मी धीर करून “कट” म्हटलं. ते फक्त मलाच ऐकू आलं. बिचारा नायक मनचं बोलू लागला. “दूधही मीच उतू घालवलं. तुझ्या भावाची छत्रीसुद्धा...” दारातलं भूत कंटाळून खाली बसलं.

“साहेब, दोन मिनिटं उरली!” कॅमेरामन कळवळला.

बाबांनी इस्त्रीकडे पाहिलं. “अगं, चुकलं माझं. विचारायला हवं होतं.”

“ऐकू नाही आलं.”

“चुकलं माझं!” छतावरची कबुतरं उडाली.

आईनं बाहीची घडी घातली. “कट.”

भुताला मुक्ती धावतपळतच घ्यावी लागली. चादर दारात अडकली, ती तशीच राहिली.

संकलनात नायकाचा आवाज मी काढून टाकला. पडद्यावर ओठ त्याचे हलतात, माफी बाबा मागतात. दर खेळाला तिथे आई अंधारात पुटपुटते, “अजून थोडं मोठ्यानं चाललं असतं.”